नकट्याचा पोपट

एडिंबरा,
रविवार, ७ ऑगस्ट २००५

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. मुंबईची मावशी सुखरूप असल्याचं दादानं कळवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे इथल्या टीव्हीवरही सांगत होते. आमचे हे तो आकडा सारखा मोठ्यानं म्हणत होते, म्हणून म्हणून जसा काही तो उतरणारच होता. तिकडे बुऱ्हाणपूरला तापीला पाणी किती चढलंय, राजघाटाच्या किती पायऱ्या दिसतायत, ते जरूर लिहा.

काल आपला श्रावण लागला. शेजारच्या हिंदी मंडळींचा सावन गुरुपौर्णिमेनंतर लगेच सुरू झाला असणार, म्हणजे यंदाही आईला पंधरा दिवस शेजारणींचे उपास बघत चोरून भरीत खावं लागलं असेल. उद्या पहिला सोमवार. आबा असीरगडावर जाणार हे सांगायला नकोच. गुडघा दुखत असेल तर निदान जीपनं जा.

आता मुद्द्याचं. गेल्या खेपेला मी फोनवर हॅरी पॉटरच्या सहाव्या भागाची गोष्ट सांगत होते, तर तुम्ही मध्येच ‘‘हात्तिच्या! म्हणजे राक्षसाचा जीव पोपटात!’’ म्हणालात आणि माझं कार्ड संपलं. पोपट कोण ते राहूनच गेलं. त्या अर्ध्या वाक्यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडलेत. जेवताना वाद, भांडी घासताना वाद, आणि काल तर ह्यांनी बाथरूमच्या दारातून मुद्दा मांडला. फोनवर हे सगळं सांगायचं तर दोन कार्डं जातील, शिवाय आईला मध्येच ‘‘तिकडे थंडी किती?’’ विचारायचं असतं. म्हणून पत्र.

एक सावधगिरी. दादा सोन्याला पुस्तक इंदूरहून आणून देणार आहे असं कळलं. तोवर त्याला शेवट कळता कामा नये. म्हणून पुढची पानं सासूबाईंनी कडेनं शिवून टाकली आहेत, गोधडीचा टाका आहे, सहज उसवत नाही. ती पानं सोन्या शाळेत गेल्यावर वाचा. त्याच्यादेखत त्यावर आईशी चर्चा करू नका. आबा, तुमचं कुजबुजणं लालबागच्या स्टेशनापर्यंत ऐकू जातं.

आधी पुस्तक घरात कसं आलं ते सांगते, कारण त्यात सासूबाईंचा पराक्रम आहे. १६ जुलैला, म्हणजे शुक्रवारी रात्री बाराच्या ठोक्याला, विक्री सुरू होणार होती. मुलांना एकटं सोडायचं नव्हतं आणि सासूबाईंना घरी एकटं राहायचं नव्हतं, तेव्हा आम्ही अख्खं बिऱ्हाड रांगेत. जुलै असून असं वारं की आपल्याकडे पौषात नसेल. सासूबाईंच्या अंगावर नऊवारी, त्यावर ह्यांचा जुना लांब काळा ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी, हातात काठी. आजूबाजूला सगळी पोरं टोकदार टोप्या घालून, झगे लेवून, हातात काटक्या घेऊन आलेली. सासूबाईंनी मला विचारलं, ‘‘एवढी मोठी बारी लागली, आत मूर्ती कोणाची आहे?’’ मी म्हटलं, मूर्ती नाही, पुस्तक आहे. ‘‘मग पोथीच म्हण की,’’ म्हणाल्या आणि निवांत उभ्या राहिल्या. पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली. आमच्या पुढच्या स्कॉटिश पोरानं चटणी खाल्ली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याची आई म्हणाली, दोन वर्षं वाट बघत होता ना, भरून आलंय त्याला. मी काही बोलले नाही.

बाराला दहा कमी असताना दुकानातली मुलगी पाटी घेऊन आली आणि सासूबाईंचा फोटो काढून गेली. थोड्या वेळानं कळलं की वेशभूषेचं तिसरं बक्षीस त्यांना मिळालंय. ‘‘आपण नेमक्या कोण झाला आहात?’’ असं परीक्षकांनी विचारलं. थोरलीनं भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘सांग त्यांना, मी सावद्याची.’’ टाळ्या पडल्या. बक्षिसात प्लॅस्टिकचं घुबड मिळालं आहे. घुबड घरात नको म्हणून ते सध्या गॅलरीत, पावसात बसलंय.

आणि त्याच वेळी तिकडे वर किल्ल्यावर खुद्द लेखिकाबाई होत्या! एडिंबऱ्याचा किल्ला म्हणजे गावाच्या मधोमध काळ्या कातळावर बसलेला. तिथे मध्यरात्री रोलिंगबाईंनी वेगवेगळ्या देशांतून निवडून आणलेल्या ७० मुलांना पुस्तकातला भाग स्वतः वाचून दाखवला. बाकीचं सगळं गाव खाली. अकबरानं १६०१ साली असीरगड घेतला तो म्हणे दारूगोळ्यानं कमी आणि पैसे चारून जास्त. इथे तर तीही सोय नव्हती. थोरली तोंड पाडून किल्ल्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, तुझ्या आजोबांच्या गडापुढे हा गड म्हणजे आमच्या परसातली टेकडी, आणि आमच्या गडावर जो येतो त्याला तर कुणी पासही विचारत नाही. ती म्हणाली, ‘‘कोण येतं?’’ तिला माहीतच नव्हतं! ह्या मुलांना आपण काय शिकवतो देव जाणे.

गुपिताचा तर किती बोभाटा. कॅनडात एका दुकानानं चुकून १४ प्रती काही दिवस आधीच विकल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी हुकूम काढला की ज्यांनी पुस्तक घेतलंय त्यांनी ते तारखेआधी वाचायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. न वाचण्याचा हुकूम, आबा! आमच्या लहानपणी असा हुकूम निघाला असता तर मी भूगोलात पहिली आले असते.

पुस्तक ६०७ पानांचं, घरात वाचणारे चौघं आणि प्रत एक. दुसरी घ्यायला हे तयार नाहीत, ‘‘सगळे एकदम थोडेच वाचणार आहोत’’ म्हणाले, आणि सगळ्यांना एकदमच वाचायचं होतं. शेवटी थोरलीला दिवस, धाकट्याला संध्याकाळ आणि मला मध्यरात्रीनंतरचे तास मिळाले. ह्यांना काहीच मिळालं नाही म्हणून त्यांनी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. ह्या गुन्ह्याला आमच्या घरात माफी नाही. सासूबाईंना वाचता येत नाही, त्या रोज दुपारी मेथी निवडत थोरलीकडून ऐकतात. पहिल्या पाच भागांचं पारायण त्यांचं मे-जूनमध्येच झालं. दुष्ट जादूगाराचं नाव घ्यायला पुस्तकातले लोक घाबरतात. सासूबाईंना ते म्हणताच येत नाही. त्याला नाक नाही, नुसत्या फटी आहेत, म्हणून त्यांनी त्याचं नाव ‘नकट्या’ ठेवलंय. आता आमच्याकडे सगळे नकट्याच म्हणतात. एकदा नकट्या म्हटलं की त्याची निम्मी भीती जाते, हे मात्र खरं.

त्यांचा दुसरा राग हॅरीच्या मावशीवर. ‘‘माय मरो आणि मावशी उरो, असं ज्यानं म्हटलं त्यानं ही बया बघितली नव्हती. पोराला जिन्याखाली झोपवते!’’ आपल्या मावशीला हे सांगू नका, तिला वाटेल आम्ही तिच्याबद्दल बोलतोय.

*इथून सुईदोरा.*

सोन्या शाळेत गेला ना? दार लावून घ्या.

तर डंबलडोर गेले. हेडमास्तर, पांढरी दाढी, शंभरी केव्हाच ओलांडलेली. स्नेप मास्तरानं मनोऱ्यावर त्यांना मारलं. मी पहाटे वाचलं आणि पुस्तक मिटून गॅसची शेगडी घासत बसले. सकाळी थोरलीनं माझे डोळे बघितले, काहीही न विचारता पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि तीही दुपारपर्यंत खोलीबाहेर आली नाही. सासूबाईंनी ऐकलं, हातातली मेथी खाली ठेवली आणि आंघोळीला गेल्या.

गंमत अशी की मरणाचं हे भाकीत सटोडियांना आधीच लागलं होतं. इथे असा सट्टा राजरोस चालतो. मे महिन्यात इंग्लंडमधल्या बंगी नावाच्या गावातून ‘डंबलडोर मरणार’ यावर एकाएकी एवढे पैसे लागले की सट्टेवाल्यांनी बोली घेणंच थांबवलं. बंगीत छापखाना आहे! आबा, तुम्ही उभा जन्म नेपानगरच्या गिरणीत काढलात, देशातली वर्तमानपत्राच्या कागदाची पहिली गिरणी ती, पण दुसऱ्या दिवशीची एक बातमी कधी आदल्या दिवशी घरी आणली नाहीत. कागद करणाऱ्यांना कोरा कागदच मिळतो. तुम्ही छपाईत असायला हवे होतात.

आता गोष्टीचं मर्म. आईसाठी थोडक्यात सांगते. नकट्याला मरण नको आहे. म्हणून त्यानं खून करकरून आपल्या जिवाचे सात तुकडे केले, एक अंगात ठेवला आणि उरलेले वस्तूंमध्ये लपवले. एक वही होती, ती दुसऱ्या भागातच हॅरीनं फोडली. एक अंगठी, ती डंबलडोरनी फोडली आणि त्यात त्यांचा हात जळला. एक लॉकेट, एक पेला, बहुधा त्याची नागीण, आणि आणखी एक काय ते नक्की माहीत नाही. सगळे फोडल्याशिवाय नकट्या मरत नाही. इंग्रजीत ह्याला हॉरक्रक्स म्हणतात आणि इथली मोठमोठी माणसं ‘काय ही कल्पनाशक्ती’ म्हणून माना डोलावतायत. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट! निमाडात आणि खानदेशात दात न आलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. सासूबाई तर ऐकता ऐकताच म्हणाल्या, ‘‘एकच पोपट पुरला असता, मेल्यानं सात कशाला केले? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ऐकली होती, नकट्याच्या मरणाला सातच?’’

तेव्हा कल्पना जुनीच, पण मांडणी झकास आहे हे मान्य करायला हवं. आपल्या राक्षसाला पोपट पाळायला काही पडत नाही. ह्याला प्रत्येक पोपटापायी एक खून पडतो, आणि दर खुनागणिक त्याच्यातला माणूस कमी होत जातो. नाक कुठे गेलं ते कळलं ना?

आता स्नेप. थोरलीचं म्हणणं, स्नेप पहिल्यापासून नीच होता, त्यावर विश्वास ठेवून म्हाताऱ्यानं जीव घालवला. तिनं रागानं केमिस्ट्रीचा अभ्यास सोडलाय. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते तुमच्याच भीष्मपर्वातून आलंय. आठवतं? दिवे गेले की ओट्यावर बसून तुम्ही सांगायचात, की पांडव रात्री भीष्मांकडे गेले आणि विचारलं, आजोबा, तुम्हाला मारायचं कसं? आणि आजोबांनी स्वतः सांगितलं, शिखंडीला पुढं घाला. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा, असं कुणी सांगतं का? तर आबा, डंबलडोर म्हणजे भीष्म. मरताना ते स्नेपला ‘‘प्लीज’’ म्हणतात. सगळे समजतात जीव वाचव म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, तो शंभरीनंतर जिवाची भीक मागेल? ते म्हणाले असणार, ठरल्याप्रमाणे कर. त्याच्या थोडंच आधी, गुहेत, हॅरीकडून त्यांनी वचन घेतलं होतं की मी कितीही ओरडलो तरी हे विष मला पाजत राहा. बाईंनी तीच गोष्ट एका रात्रीत दोनदा सांगितली आहे, एकदा शिष्याच्या हातून आणि एकदा स्नेपच्या. शेवटच्या भागात स्नेप निर्दोष निघणार, आणि निघेपर्यंत तो मेलेला असणार. असल्या माणसांना जिवंतपणी कुणी निर्दोष म्हणत नाही.

ह्यांचा तिसराच पंथ. डंबलडोर मेलेलेच नाहीत! त्यांचा फिनिक्स पक्षी राखेतून उठतो, तसे तेही उठतील. सासूबाईंनी निकाल दिला, ‘‘दिवस झाले, जेवणं झाली, आता कुठला उठतोय?’’ दोघांची एका पौंडाची पैज लागली आहे आणि पौंड माझ्या डब्यात आहे.

लॉकेटची भानगड अशी. डंबलडोरनी जीव धोक्यात घालून गुहेतून आणलेलं लॉकेट खोटं निघालं. आत चिठ्ठी, खाली सही: आर. ए. बी. खरं लॉकेट हा कोण बहाद्दर आधीच घेऊन गेला. ह्यांनी सहीकडे बघून ठामपणे सांगितलं, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हा कुणीतरी बर्वे आहे. थोरलीनं मात्र पाचवा भाग काढून दाखवला. सिरियस ब्लॅकचा एक धाकटा भाऊ होता, रेग्युलस, तो नकट्याच्या टोळीत गेला, मग घाबरून मागे फिरला आणि मारला गेला. आणि त्याच ब्लॅकांच्या वाड्यात साफसफाई करताना एक जड लॉकेट सापडलं होतं, कुणालाच उघडेना! बाईंनी २००३ मध्ये, एका ओळीत, केरकचऱ्याबरोबर ते टाकून ठेवलंय. ही खरी कारागिरी. पोरीचा मला अभिमान वाटला, केमिस्ट्री सोडली तरी.

आता ज्यासाठी हे सारं पुराण लावलं तो पोपट. तुमचा ‘पोपट’ ऐकल्यापासून माझ्या डोक्यात असीरगडचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तुम्ही आम्हाला पहाटे उठवून न्यायचात. पुजाऱ्याच्या आधी कुणी पोचलेलं नसायचं, तरी पिंडीवर ताजं फूल. तुम्ही काही बोलायचा नाहीत, फक्त फुलाकडे बोट करायचात. खाली उतरताना दादा विचारायचा, तो आत्ता कुठं असेल? आणि तुम्ही मागे न बघता म्हणायचात, मागे बघू नकोस.

आणि ती संध्याकाळ! मी सहावीत असेन. दारात एक माणूस, कपाळाला फडकं बांधलेलं, त्यावर लालसर डाग, आणि म्हणाला, ‘‘बाई, थोडं तेल मिळेल का?’’ आईनं वाटी नाही, पळी नाही, गोडेतेलाचा आख्खा डबा त्याच्या हातात दिला आणि दार लावलं. वर हळदीची पुडी खिडकीतून टाकली. रात्रभर देवापुढे दिवा. सकाळी कळलं की तो शनवाऱ्यातल्या सायकलवाल्याकडचा नवा पोऱ्या, खांब लागून पडला होता आणि साखळीला तेल मागायला आला होता. डबा त्यानं प्रामाणिकपणे परत आणून दिला, पण आईनं ते तेल काही स्वयंपाकाला वापरलं नाही. हे मी थोरलीला आणि धाकट्याला सांगितलं तेव्हा धाकटा हसला नाही. त्यानं विचारलं, ‘‘त्याच्या कपाळाला काय झालं होतं? खऱ्याच्या?’’

आणि आबा, तिथेच मला लख्ख दिसलं. आपल्या गडावर फूल वाहणाऱ्या त्या अश्वत्थाम्याच्या कपाळावर मणी होता. त्यानं रात्री झोपलेली पोरं मारली, म्हणून मणी काढून घेतला, जखम राहिली, आणि मरण नाही. इकडे नकट्या रात्री एका घरात शिरला, झोपायच्या वेळी, पाळण्यातलं पोर मारायला. पोर मेलं नाही. पोराच्या कपाळावर जखम राहिली! नकट्या चिडला की ती ठणकते. नकट्याला सापांची भाषा येते, ह्याला कुणी न शिकवता येते. दुसऱ्या भागात डंबलडोर म्हणतातच की त्या रात्री नकट्याचं काहीतरी तुझ्यात उतरलं. काय उतरलं? तेज? विद्या? अहो, तुकडा उतरला! आपल्याकडे मणी कपाळातून निघाला, ह्यांच्याकडे कपाळात शिरला, एवढाच फरक. पोपट म्हणजे हॅरी. नकट्यानं आपला जीव आपल्या वैऱ्याच्याच कपाळात ठेवलाय, आणि त्या दोघांनाही ते माहीत नाही. बाईंनी म्हणे केव्हाच सांगून ठेवलंय की शेवटच्या भागाचा शेवटचा शब्द ‘व्रण’ असणार. उगाच?

हे मी जेवताना सांगितलं. टेबलावर शांतता. मग धाकटा हळूच म्हणाला, ‘‘पण सगळे पोपट मारल्याशिवाय तो मरत नाही ना?’’ आणि थोरली ताट सोडून उठली. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. मी जसं काही हॅरीला मारायची सुपारीच दिली आहे.

इथे सासूबाई धावून आल्या. त्यांना कळेना ह्यात रडायचं काय. ‘‘मरू दे की. कच नाही का तीनदा मेला? एकदा लांडग्यांना घातला, एकदा समुद्रात कालवला, एकदा जाळून राख गुरूच्या दारूत. आला ना परत? पोरगा मेला तर नकट्याचा तुकडा मरेल, पोरगा उठून बसेल.’’ थोरली म्हणाली, संजीवनी कोण देणार? सासूबाई म्हणाल्या, ‘‘आईनं जीव टाकलाय त्याच्यापायी. तेवढी पुरते.’’ मला तर हा आजवरचा सगळ्यात पक्का तर्क वाटतो. विद्यापीठातल्या लोकांनी सावद्याला जाऊन शिकावं.

माझी बाकीची भाकितं फटाफट लिहून टाकते, म्हणजे पुढं कुणी फिरवाफिरवी केली असं म्हणू नये. रॉन मरणार, त्या घरात मुलं फार आहेत आणि मित्राला मारल्याशिवाय असली गोष्ट संपत नाही. शाळा बंद राहणार. मावशी शेवटी एक चांगलं काम करणार, नाहीतर सासूबाई तिला सोडणार नाहीत. हॅरीचं आणि रॉनच्या बहिणीचं, जिनीचं, लग्न होणार. मुलगी कामाची आहे, घर भरलेलं आहे आणि तिच्या आईचा हात सढळ आहे, हे सासूबाईंनी सगळं तपासून घेतलंय. त्या पांढऱ्या घुबडाला, हेडविगला, मात्र काही होणार नाही. सासूबाई म्हणतात घुबड पत्र घेऊन आलं की समजावं कुणी गेलं, पण मी तुम्हाला सांगते, एवढी माणसं मारणारी बाई एका मुक्या पाखराच्या वाटेला जायची नाही.

*इथे टाका संपला.*

सोन्याला आता हाक मारायला हरकत नाही. त्याला सांगा, कुंडी भंडाऱ्यात अजगर नाही. ते १६१५च्या सुमाराचं पाण्याचं काम आहे, डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलेलं, आणि त्यातून आजही पाणी येतं. दुसरा भाग वाचल्यापासून त्यानं नळाला कान लावायला सुरुवात केली आहे असं वहिनीनं लिहिलंय. आबा, तुम्ही त्याला पहिला भाग हिंदीतून, भोपाळच्या मंजुलचा, आणून दिलात ते फार चांगलं केलंत. पण अख्खा स्वतः वाचून मग त्याला दिलात, हेही वहिनीनं लिहिलंय.

आईला सांगा, सासूबाईंचा मुक्काम गौरींपर्यंत आहे. त्यांना परतीच्या विमानात पुस्तक बरोबर न्यायचंय. सावद्याला वाचून कोण दाखवणार, असं विचारलं तर म्हणाल्या, मीच सांगीन की, मला पाठ आहे. गणपतीत तिकडच्या बायकांना नकट्याचं आख्यान ऐकायला मिळणार. आईला जमलं तर तिनं रावेरच्या आत्याकडे म्हणून जाऊन यावं, आख्यान चुकवू नये.

सातवा आणि शेवटचा भाग कधी येतो ते बाईंनाच माहीत. तोवर तुमचा निकाल मला लेखी हवा आहे. उद्या गडावर जाऊन या, शांतपणे विचार करा आणि पोपट कोण, मास्तर खरा की खोटा, पोरगा राहतो की जातो, ही तीन उत्तरं एका वेगळ्या कागदावर लिहून पाकीट बंद करून पाठवा. दादाच्या ई-मेलवरून नको, त्याला तारखेचा शिक्का नसतो, आणि हे उद्या म्हणतील की सासऱ्यांनी निकाल लागल्यावर लिहिलं. पाकिटावर बुऱ्हाणपूरच्या पोस्टाचा शिक्का नीट, वाचता येईल असा मारून घ्या. मी ते न उघडता ठेवते. शेवटचा भाग आला की सगळ्यांसमोर फोडू. जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याला बुऱ्हाणपूरची मावा जिलबी खाऊ घालायची. आम्ही हरलो तरी ती तुम्हीच तिथून पाठवायची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

धाकट्यांना आशीर्वाद, दादा-वहिनीला नमस्कार.

तुमची
ताई

ता. क. पत्रात तुमचे तीन मुद्दे सोडून आणखी काही लिहिणार असाल तर ते दुसऱ्या पाकिटात घाला. बंद पाकीट मी दोन वर्षं तरी फोडणार नाही, आणि त्यात आईनं लोणच्याचं प्रमाण लिहून टाकलं तर कैऱ्यांचे दोन मोसम वाया जातील.